गाणे रक्तातून येत नाही

जयंतीला आठ-दहा दिवस राहिले होते. विहारात मुलांच्या गाण्याची तालीम चालू होती आणि आम्ही बाहेर पायरीवर वर्गणीच्या पावत्या जुळवीत बसलो होतो. चार घरची धुणी-भांडी आटोपून परतणाऱ्या आमच्या वस्तीतील एक भगिनी तेथे थांबल्या. त्यांची आठवीतली मुलगी आत गात होती. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. म्हणाल्या, "दादा, आज शाळेतल्या बाईंनी काय सांगितलं माहितेय का? म्हणाल्या, तुमच्या पोरीला गाणं शिकवायची गरजच नाही. तुमच्या लोकांच्या रक्तातच गाणं असतं."

आम्हीही "वा, छान!" म्हणालो. पण पावत्यांचा हिशेब त्या संध्याकाळी आमच्याकडून दोनदा चुकला.

त्या शिक्षिकेच्या मनात काही वाईट नव्हते, याची आम्हाला खात्री आहे. त्यांनी मुलीचे कौतुकच केले. परंतु वाचकहो, "रक्तातच असते" आणि "शिकवायची गरज नाही" ही दोन वाक्ये एकापाठोपाठ आली की आपण कान टवकारलेच पाहिजेत. चांभाराच्या पोराच्या रक्तात चामडे, कुंभाराच्या पोराच्या रक्तात चिखल, महाराच्या पोराच्या रक्तात येसकरकी आणि भटाच्या पोराच्या रक्तात विद्या, हीच तर ती जुनी शिकवण! ज्याच्या जे रक्तात त्याने ते करावे, म्हणजे त्याला शाळेची गरज उरत नाही. गणित अमक्याच्या रक्तात आहे म्हणून त्याला शिक्षक नको, असे कोणी म्हणत नाही. गणिताला शिक्षक असतो, तास असतो, वही असते, परीक्षा असते. आमच्या मुलांच्या गाण्याला मात्र नुसते रक्त पुरते.

कपाटातली पेटी

दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्या शाळेत गेलो. शाळेचे नाव येथे देत नाही. वाचकांनी आपापल्या मुलाची शाळा डोळ्यांपुढे आणावी, फारसा फरक पडणार नाही. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. त्यांनी चहा मागवला आणि आमच्या विनंतीवरून कोपऱ्यातले कपाट उघडले. आत जुनी हार्मोनियम होती, तबला-डग्ग्याची जोडी होती, दोन जोड्या टाळ होते. पेटीचा भाता उंदरांनी कुरतडलेला. तबल्याची शाई उडालेली. संगीताचे शिक्षक निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आले नाही, तेव्हापासून कपाटाला कुलूप. भिंतीवरच्या वेळापत्रकात कलाशिक्षणाचे तास लिहिलेले होते. ते प्रत्यक्षात शिष्यवृत्तीच्या गणिताला जातात. पंधरा ऑगस्टला मोबाईल ध्वनिक्षेपकाला जोडून गाणी लावतात आणि मुले रांगेत उभी राहून ऐकतात.

मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, आधी पोरांना धड वाचायला-लिहायला येऊ द्या. गाणं काय, नंतरही शिकता येईल."

या बोलण्यावर आम्ही लगेच तुटून पडलो नाही, कारण अनेक वर्षे आमचेही मत हेच होते. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातल्या "शिका" या शब्दाचा अर्थ आम्ही इंग्रजी, गणित, विज्ञान आणि पुढे सरकारी नोकरी एवढाच धरला होता. पेटी-तबला म्हणजे ज्यांच्या पोटाला चिमटा नाही त्यांचे सोस, असे आम्ही याच वस्तीत चारचौघांत बोललेलो आहोत. तेव्हा हा लेख पहिल्याने आमच्यासाठी आहे, मग इतरांसाठी.

कायद्याचेही सांगायला हवे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरापेक्षा जास्त मुले असतील तर त्या शाळेला कलाशिक्षण, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असले पाहिजेत. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कला हा विषय सक्तीचा असावा असे सुचवले होते, आणि २०२० चे नवे शैक्षणिक धोरणही कलेला अभ्यासाच्या बाहेरची गोष्ट मानू नये असेच सांगते. म्हणजे कागदावर आमच्या मुलीचे गाणे मंजूर आहे. अडले आहे ते कपाटाच्या कुलपात.

विहिरीत टाकलेले डफडे

खरी अडचण शाळेत नव्हती, घरात होती. त्या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. रात्री त्यांच्याकडे गेलो आणि मुलीला रीतसर गाणे शिकवावे असे सुचवले. त्यांनी आमचे ऐकून घेतले. मग शांतपणे म्हणाले, "दादा, तुमचा मान राखतो. पण आमच्या आज्यानं डफडं हिरीत फेकलं, ते काय पणतीनं पेटी बडवावी म्हणून?"

यावर आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. सुचायला नकोच होते. कारण ही गोष्ट एका घराची नाही. गावगाड्यात वाजवणे हे आपल्याकडे बलुत्यासारखे लादलेले काम होते. पोळ्याला वाजवा, पाटलाच्या वरातीपुढे वाजवा, देवीच्या जत्रेत वाजवा, दवंडी पिटा. पोटाला भाकरतुकडा, आणि वाजवणारा देवळाच्या पायरीखाली. कातडे कमावणारा अस्पृश्य, वाद्य मढवणारा अस्पृश्य, बडवणारा अस्पृश्य. त्या तालावर नाचणारा गाव मात्र सोवळा! तमाशात आमच्या बायाबापड्यांच्या गळ्याला आणि पायांना टाळ्या पडल्या, पण त्या टाळ्यांत मान किती आणि नजर कसली होती, हे सांगायला नको. पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला देऊ केलेला पैसा परमपूज्य बाबासाहेबांनी नाकारला, ही हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे. त्यामागे आपल्या स्त्रियांच्या अब्रूची काळजी होती.

म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर गावोगाव आपल्या लोकांनी वाजवणे सोडले. कित्येक ठिकाणी त्यापायी बहिष्कार सोसला, गुरांची वाट बंद झाली, पिठाची गिरणी बंद झाली. ते डफडे विहिरीत पडले तेव्हा त्या आजोबांनी एक वाद्य फेकले नव्हते, एक हुकूम फेकला होता. त्यांच्या नातवाला वाद्याची शरम वाटते, ती तेथून आली आहे आणि तिला आम्ही हलके लेखत नाही.

पण हुकूम आणि वाद्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आणि हे आपल्याच चळवळीने फार पूर्वी दाखवून दिले आहे. १९३० च्या सुमारास नाशिक जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांसारख्या तरुणांनी आंबेडकरी जलसे उभे केले, ते कोणत्या साहित्यावर? तीच ढोलकी, तेच तुणतुणे, तमाशाचाच साचा. त्यांनी त्यातला शृंगार काढून टाकला आणि मुलगा शाळेत घाला, मेलेले जनावर ओढू नका, सावकाराच्या अंगठ्याला भुलू नका, असे विषय घातले. सत्यशोधक जलशांचा धडा त्यांच्यापुढे होताच. आपल्या दहा सभांइतके काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे उद्गार जुने कार्यकर्ते सांगत आले. वाद्य तेच राहिले. वाजवायला सांगणारा बदलला, आणि तो सांगणारा आपणच होतो.

आणखी एक गोष्ट आम्ही त्या बंधूंना सांगितली. बाबासाहेबांच्या घरात कबीरपंथ होता. सुभेदार रामजींच्या घरी भजने म्हटली जात, ती लहानग्या भिवाच्या कानांवर पडत. आणि ज्या माणसाला राज्यघटना, मंत्रिपद, ग्रंथलेखन, दुखणारे पाय यांतून क्षणाची उसंत नव्हती, त्याने उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले. शिकायला घेतले, हे शब्द महत्त्वाचे आहेत. रक्तात आहे म्हणून नुसते हातात धरले नाही. शिकवणारा लावला, सराव केला. पुण्यात सिंबायोसिसच्या स्मारक संग्रहालयात त्यांचे व्हायोलिन ठेवलेले आहे. सहलीला मुलांना नेलेत तर ग्रंथांबरोबर तेही दाखवा.

दुसऱ्या एका समाजाची गोष्ट

आमच्यासारखाच पेच दीडशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका समाजापुढे पडला होता. अमेरिकेतील निग्रो गुलामी १८६५ साली कायद्याने संपली. पुढच्याच वर्षी नॅशव्हिल गावी मुक्त झालेल्या गुलामांसाठी फिस्क नावाची शाळा निघाली. पाच वर्षांत ती कर्जात बुडाली. शाळेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट हेच मुलांना गाणे शिकवीत. त्यांनी १८७१ च्या ऑक्टोबरात नऊ मुलामुलींचा संच घेऊन गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करायला सुरुवात केली. यांतली बरीच मुले गुलामीत जन्मलेली. आरंभी ती गोऱ्यांच्या पसंतीची गाणी म्हणत. मळ्यावर आई-बापांनी म्हटलेली गाणी परक्यांपुढे म्हणायला ती राजी नव्हती. ती गुलामीची निशाणी, लाजेची गोष्ट, असे त्यांना वाटे. अगदी आमच्या रिक्षावाल्या बंधूंसारखे! पण हळूहळू तीच गाणी त्यांनी बसवली, आवाजांच्या पट्ट्या वाटून घेतल्या, तालीम केली, आणि त्याच गाण्यांनी लोकांना रडवले. १८७३ साली हा संच इंग्लंडच्या राणीपुढे गायला. जमलेल्या पैशांतून शाळा तर वाचलीच, शिवाय एक भव्य इमारत उभी राहिली. ती आजही उभी आहे. फिस्क हे आता विद्यापीठ आहे.

पुढे याच फिस्कमध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस शिकले. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली, तेच हे डुबॉइस. त्यांनी १९०३ साली आपल्या समाजावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर गुलामांच्या गाण्याची एक ओळ छापली आहे. ती शब्दांत नव्हे, स्वरलिपीत! समाजशास्त्राचा पंडित गुलामांच्या गाण्याचे स्वर लिहून ठेवतो, यातला स्वाभिमान ज्याला कळेल त्याला आमचे म्हणणे अर्धे पटेल.

लुई आर्मस्ट्राँगचे नावही सांगून टाकू. न्यू ऑर्लिन्समधला गरीब काळा पोरगा. १९१२ च्या शेवटच्या रात्री त्याने रस्त्यात पिस्तूल झाडले आणि त्याची रवानगी काळ्या मुलांच्या सुधारगृहात झाली. तेथे पीटर डेव्हिस नावाच्या शिक्षकांनी त्याला आधी खंजिरी दिली, मग बिगुल, मग कॉर्नेट, आणि शेवटी बँडचा म्होरक्या केले. पुढे तो जगाचा आर्मस्ट्राँग झाला. काळ्यांच्या रक्तातच ठेका असतो, असे अमेरिकेतले गोरेही म्हणत आले. रक्तात असता तर पीटर डेव्हिसांची गरज काय होती?

शब्द उरले, चाली गेल्या

आता आपल्या घरात पाहू. वामनदादा कर्डकांना शाळा मिळाली नाही. तरुणपणी मुंबईत आल्यावर ते अक्षरे शिकले, आणि त्यानंतर २००४ साली जाईपर्यंत हजारो गाणी लिहून गेले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे गळे कोणत्या शाळेने घडवले? उमप तर २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, गातागाता मंचावरच गेले. ही माणसे शाळेवाचून मोठी झाली, म्हणून आपल्या मुलांना शाळेची गरज नाही, असा हिशेब काही जण मांडतात. हा हिशेब चुकीचा आहे. जी मोठी झाली ती आपल्याला दिसतात. ज्यांचा गळा बाराव्या-तेराव्या वर्षी फुटला आणि पुन्हा लागला नाही, ज्यांना वही मिळाली नाही, ज्या मुलींना लग्नानंतर घराबाहेर आवाज काढू दिला गेला नाही, त्यांची मोजदाद कोणी ठेवली?

डिसेंबरात चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर गाण्यांच्या पुस्तिका ढिगाने विकल्या जातात. आमच्या कपाटातही शे-सव्वाशे आहेत. त्यांत शब्द आहेत. चाल नाही. फार तर कंसात एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे नाव. म्हणजे ज्या कवीने शब्द लिहिले त्याचे शब्द उरले, पण ज्या गायकाने स्वतःची चाल बांधली त्याची चाल त्याच्याबरोबर गेली, कारण ती लिहून ठेवणारा आमच्यात कोणी नव्हता. पुण्याच्या गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात गोळा केल्या. त्यांत भीमरायाच्या ओव्याही आहेत. हे मोठे काम झाले आणि आपण त्यांचे ऋणी आहोत. पण आपल्या आजीची ओवी आपल्या नातीला लिहून घेता येऊ नये काय?

स्वरलिपी म्हणजे काही मंत्रविद्या नव्हे. सा रे ग म ही अक्षरे, खाली-वर टिंबे, मात्रांच्या खुणा. ज्या मुलीने बाराखडी शिकली ती सहा महिन्यांत साधी चाल लिहू-वाचू शकते. पण दाखवणारा हवा. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि घराण्यांच्या उंबऱ्याआड असलेले गाणे वर्गात, फळ्यावर, पुस्तकात आणले. ही गोष्ट थोर होती. त्या वर्गांत पुढे शिकायला बसले ते बहुतेक पांढरपेशे, हेही तितकेच खरे. दार उघडे होते, पण आमच्यापैकी कोणाच्या हातात ना फी होती, ना कोणी बोलावले होते. शाळेत संगीत असावे असे आम्ही म्हणतो ते यासाठीच. खासगी क्लासला पैसेवाल्याचे मूल जाईल. शाळेत सगळ्यांचे मूल बसते.

शिकल्याने काय होते? गाणे शिकणाऱ्या मुलांचे गणित सुधारते, बुद्धी वाढते, असे हल्ली सांगतात. आम्ही त्यावर भिस्त ठेवीत नाही. गणितासाठी गणितच करावे. आम्ही पाहिलेले तेवढे सांगतो. कहरवा आठ मात्रांचा, दादरा सहा मात्रांचा. आपली निम्मी गाणी या दोन तालांत बसतात. मुलाला हातावर मात्रा मोजायला शिकवले की ते घाई करायचे थांबते, समेची वाट पाहते. समूहात गाताना शेजारच्याचा आवाज ऐकावा लागतो आणि आपला आवरावा लागतो. आमच्या विहारात एक मुलगा बोलताना अडखळत असे. त्रिशरण-पंचशील तालासुरात म्हणताना तो अडखळत नाही, हे त्याच्या आईने आम्हाला दाखवले. शिवाय गळा राखणे ही विद्या आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटत असतो. अशा वेळी मोठ्या गायकाची नक्कल म्हणून उंच पट्टीत ओरडायला लावले तर तो आवाज बसतो. जयंतीच्या आठवडाभरात आपण हे हौसेने करतो! आणि डी.जे.च्या भिंतीपुढे तर कोणाचाच गळा नको असतो, फक्त कान फोडून घ्यायचे असतात. असो, त्यावर पुन्हा कधी लिहू.

वडीलधाऱ्यांची एक शंका

विहारात हा विषय काढला तेव्हा एका ज्येष्ठ उपासकांनी विचारले, "अष्टशीलात नाच, गाणे, वाजवणे यांपासून दूर राहावे असे सांगितले आहे, त्याचे काय?" शंका योग्य आहे. उत्तर असे की, तो नियम उपोसथाच्या दिवशी अष्टशील घेणाऱ्यांसाठी आणि श्रामणेर-भिक्खूंसाठी आहे. गृहस्थाच्या पंचशीलात तो नाही. आणि तथागतांना वाद्याचे वावडे नव्हते. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा येते. गृहस्थाश्रमात तो वीणा वाजवण्यात निपुण होता. भिक्खू झाल्यावर चंक्रमण करून करून त्याचे पाय रक्ताळले, तरी मन स्थिर होईना. तेव्हा भगवंतांनी त्याला विचारले, वीणेची तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? नेमकी लावली तेव्हाच ना? तसाच प्रयत्नही नेमका असावा. मध्यम मार्ग समजावून सांगताना भगवंतांनी शिष्याला त्याच्या वाद्यातलेच उदाहरण दिले. त्या उपासकांनी ही कथा परत एकदा सांगायला लावली आणि पुढच्या पौर्णिमेला स्वतःच मुलांना सांगितली.

आता करायचे काय

पालकांनी एक गोष्ट माहीत करून घ्यावी, कारण ती माहीत नसल्याने आपल्या मुलांचे नुकसान होत आहे. २०१७ साली झालेल्या शासन निर्णयांनुसार दहावीच्या परीक्षेत चित्रकलेप्रमाणेच शास्त्रीय गायन, वादन, नृत्य यांच्या मान्य परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांना, तसेच मान्यताप्राप्त संस्थेबरोबर लोककलेचे ठराविक प्रयोग केलेल्या मुलांना वाढीव गुण मिळतात. अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो. हे गुण आज कोणाला मिळतात? ज्यांच्या आईवडिलांनी दुसरी-तिसरीपासून क्लास लावला त्यांना. आमची मुलगी वर्षभर विहारात, जयंतीत, लग्नात गाते आणि तिच्या गुणपत्रिकेवर त्याचा एक गुणही नसतो. ज्या शाळेत संगीताचा तास नाही त्या शाळेतल्या मुलांच्या वाट्याला ही तरतूद येणार तरी कशी, हा प्रश्न आपण शिक्षणाधिकाऱ्यांना विचारला पाहिजे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, पुढे प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. वर्षातून दोन सत्रे असतात, एक एप्रिल-मे आणि दुसरे नोव्हेंबर-डिसेंबर. केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. जातीचा दाखला कोणी मागत नाही. विशारद झालेल्याला शाळेत शिकवता येते, स्वतःचा वर्ग काढता येतो. आकाशवाणीची श्रेणी मिळवणे, पोलीस वा सैन्याच्या बँडमध्ये भरती होणे, ध्वनिमुद्रणाच्या कामात शिरणे, हे रस्तेही आहेत. गाण्यावर सगळ्यांचे पोट भरेल असे आम्ही खोटे सांगणार नाही. आपल्या चांगल्या चांगल्या शाहिरांचे म्हातारपण कसे गेले ते आपण पाहिले आहे. पण त्यांना जर करार वाचता आला असता, आपल्या चालीवर आपले नाव लावून घेता आले असते, तर कॅसेटवाल्यांनी त्यांना असे गुंडाळले नसते.

दुसरे, सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात, त्यांत निम्म्या महिला. आपल्या भगिनी त्या सभेला सहीपुरत्या जातात. या खेपेला कलेच्या निदेशकाची मागणी शाळेच्या विकास आराखड्यात लिहून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. तोंडी बोलू नका, कागद करा. निदेशक मिळेपर्यंत आपल्या विहारात आठवड्याला दोन संध्याकाळ वर्ग चालवता येईल. पण तो शाळेच्या बदली नाही, हे ध्यानात ठेवा. विहाराने केले म्हणून शासन सुटले, असे होऊ देऊ नये.

आमच्या वस्तीत काय झाले ते सांगून थांबतो. रिक्षावाल्या बंधूंनी आमचे बोलणे ऐकले, पण होकार दिला नाही. पुढचे आठ दिवस आम्हीही विषय काढला नाही. जयंतीच्या रात्री मुलगी गायली. चांगली गायली, पण दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज फाटला आणि ती खाली मान घालून उतरली. लोकांनी टाळ्या दिल्याच. बाप मंडपाच्या खांबाजवळ उभा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तिला कळत होतं की चुकलं. कुठं चुकलं ते मात्र तिला सांगायला कोणी न्हाई."

जून महिन्यात शाळा उघडल्यावर मुख्याध्यापकांनी समितीच्या ठरावाने पेटी दुरुस्तीसाठी बाहेर काढू दिली. खर्च विहाराच्या महिला मंडळाने उचलला. पेटी त्याच बंधूंच्या रिक्षातून दुकानात गेली. मागच्या सीटवर मुलगी ती धरून बसली होती. दुरुस्तीवाल्याने भाता उघडून पाहिला. भाता नवा करावा लागेल आणि तीन सूर बदलावे लागतील, असे त्याने सांगितले. पेटी सोमवारी मिळेल. समितीची पुढची सभा शनिवारी दुपारी तीन वाजता आहे. आठवीच्या सर्व पालकांनी यावे, असा निरोप त्या भगिनींनी घरोघर दिला आहे.